घंटी पुरी वाजली पाहिजे

हबीबभाईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती आवाजाची. चेहरा मी पुढे बऱ्याच महिन्यांनी पाहिला. परळीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि मला टेस्ट टेबलावर बसवलं होतं. टेस्ट टेबल म्हणजे बिघडलेल्या फोनच्या तारा मीटर लावून तपासायची जागा. लाइनमननं तिकडे खांबावर चढून तारा हाताळायच्या, इकडे मी मीटरचा काटा बघून सांगायचं, असा दोघांचा मिळून कारभार. पहिल्याच आठवड्यात कानात आवाज आला, "बाई, सिरसाळ्याच्या खांबावरून शेख हबीब बोलतोय. गाठ मारली. काटा कुठं हाय?"

मला काही कळेना. मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, "गाठ कसली? खांबावर आहात का लग्नाच्या मांडवात?" तिकडून खळखळून हसणं ऐकू आलं. मग त्यांनी न रागावता समजावून दिलं. फोनला तारा दोन. दोन्हींची टोकं एकमेकींना जोडली की ती गाठ. मोकळी केली की सोड. गाठ मारल्यावर काटा पार टोकाला पळाला पाहिजे आणि सोडल्यावर जागचा हलता कामा नये. सोडूनही हलला, तर मधे कुठंतरी दोन तारा एकमेकींना भेटताहेत असं समजायचं. साहेबलोकांचे याला इंग्रजी शब्द होते, ते मी नंतर शिकले. पण सिरसाळा-धर्मापुरीच्या त्या पट्ट्यात आम्ही दोघांनी उभी नोकरी या दोन शब्दांवर काढली.

आज हबीबभाई पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत. जुन्या सहकाऱ्यांनी आणि परळीतल्या स्नेह्यांनी हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांना सांगायची कामगिरी माझ्याकडे आली. त्यांनी कपाळाला हात लावला. "माझ्यावर पुस्तक? कावून? त्यापेक्षा टेलिफोनची डिरेक्टरी छापा बाई, ती तरी लोक उघडून बघतील." जरीनाभाभी आतून म्हणाल्या, "हो म्हणा की. लग्न झाल्यापासून मी एकटीच तुमचं कौतुक करती, आता मला बी सुट्टी पायजे." तेव्हा कुठं ते कबूल झाले. म्हणून या लेखात काही जास्तीचं कौतुक आलं असेल, तर ते भाभींच्या वाट्याचं समजावं.

त्यांच्या कामाची एक रीत सर्वांना माहीत असायला हवी. एरवी दुरुस्तीला आलेला माणूस रिसीव्हर उचलतो, कानात टोन ऐकतो, "चालू झाला" म्हणतो आणि सायकलवर टांग टाकतो. हबीबभाईंनी असं कधी केलं नाही. टोन आला तरी ते एक्सचेंजला सांगून त्या फोनवर घंटी वाजवून घ्यायचे, आणि तीही पुरी. एकदा धर्मापुरीच्या एका आडत दुकानात मी चार वेळा घंटी दिली तरी यांचं "परत वाजवा बाई" चालूच. दुकानाचे मालक वैतागले. मला लाइनवर ऐकू येत होतं. "झालं की भाई, टोन हाय की!" हबीबभाई म्हणाले, "शेठ, टोन म्हंजी तुमी दुसऱ्याला हाक मारू शकता. दुसऱ्यानं तुमाला मारली तर? घंटी पुरी वाजली पायजे. निम्मा फोन देऊन मी जाणार न्हाई." त्या दिवशी माझं जेवण राहिलं, आणि मी मनातल्या मनात त्यांचा भरपूर उद्धार केला.

दुसरी रीत त्यांच्या स्वभावाची. लाइनमनच्या हातात एक फोन असतो, तो कुठल्याही तारेला चिमट्यानं लावला की तिच्यावरचं बोलणं ऐकू येतं. गावातल्या सोयरिकी, भांडणं, जमिनीचे व्यवहार, सगळं त्या चिमट्याच्या टोकाशी. हबीबभाई चिमटा लावला की आधी मोठ्यानं खाकरायचे आणि म्हणायचे, "लाइनमन हाय, जरा बोलणं थांबवा." निवडणुकीच्या दिवसांत एका गावपुढाऱ्यांनी त्यांना बंगल्यावर बोलावलं, चहा पाजला आणि समोरच्या पार्टीचे लोक फोनवर काय बोलतात ते हळूच विचारलं. हबीबभाई म्हणाले, "साहेब, माझ्या कानाला लई वर्षांपासून एक खोड हाय. त्याला तारेवरची खरखर तेवढी ऐकू येती, माणसं ऐकू येत न्हाईत." पुढाऱ्यांना राग आला. बदलीची धमकीही झाली. पण चहा मात्र चांगला होता, असं हबीबभाई अजून सांगतात.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या घरातलं आहे. ते छापावं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण हबीबभाईंवर लिहायचं आणि तेच वगळायचं, हे मला जमणार नाही.

माझे यजमान भानुदासराव एसटीत कंडक्टर होते. गेल्या काही वर्षांत त्यांची आठवण हळूहळू उतरत गेली. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची, मग माझं. मला ते मावशी म्हणतात. बसमधल्या अनोळखी बाईला कंडक्टर म्हणतो ना, "मावशी, कुठं उतरायचंय?", तसं. वाईट वाटत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण दोन गोष्टी त्यांच्याजवळ शाबूत राहिल्या. एक, एसटीची ओढ. दार उघडं दिसलं की ते निघतात, स्टँडवर जातात, मिळेल त्या गाडीत चढतात आणि लोकांना तिकिटं विचारू लागतात. आणि दुसरी, आमच्या घरच्या फोनचा नंबर. नोकरीत मुक्कामाच्या गावाहून ते रोज संध्याकाळी त्याच नंबरावर फोन करायचे. स्वतःचं नाव विचारलं तर गोंधळतात, पण "घरचा नंबर काय?" म्हटलं की धडाधड सांगतात. खिशात ठेवलेल्या चिठ्ठ्या फेकून देतात, मोबाइल कुणाचा तरी विसरलेला समजून शेजारच्या प्रवाशाला देऊन टाकतात. म्हणून तारेचा तो जुना फोन आम्ही ठेवला आहे. मुलगी पुण्याहून म्हणाली, आई, तो नंबर मोबाइलवर वळवून घे. मी अर्ज दिला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

एका दुपारी ते असेच गेले. दिवसभर मी फोनपाशी बसून होते. घंटी एकदा अर्धवट किणकिणली आणि गप्प झाली. उचलून पाहिलं तर टोन. थोड्या वेळानं परत तसंच. दिवेलागणीला सिरसाळ्याचे एक फळवाले त्यांना जीपमध्ये घालून घेऊन आले. पत्ता कुणाकुणाला विचारत आले होते बिचारे. मला म्हणाले, "ताई, तुमच्या नंबरवर किती येळा लावला. कुणीतरी उचलतंय आन् बोलतच न्हाई. मला वाटलं, घरच्यांना म्हातारा नको हाय."

हे वाक्य मला फार लागलं. मी तक्रार केली. माणूस आला, रिसीव्हर कानाला लावला, "टोन आहे" म्हणाला आणि गेला. पुन्हा केली, पुन्हा तेच. मग मी हबीबभाईंना फोन केला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, गुडघे बोलू लागले होते, आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "टोन हाय पर घंटी न्हाई. येतो बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जुनी पिशवी घेऊन हजर झाले. आधी वर न येता तळमजल्यावर जिन्याखालच्या पेटीशी बसले, जिथं बाहेरची केबल इमारतीत शिरते. आमच्या घराकडे जाणारी तार त्यांनी तिथं सोडवली आणि बाहेरच्या तारेला आपला फोन लावला. दुसऱ्या मजल्यावर राहणारे निवृत्त कंपाउंडर विठ्ठलराव यांनी मोबाइलवरून नंबर लावला. घंटी पुरी वाजली. हबीबभाई म्हणाले, "बाहेर सगळं ठीक हाय. दुखणं बिल्डिंगीत हाय." मग त्यांनी काट्याचा मीटर माझ्या हातात दिला. "बाई, वर जा. तुमचा फोन काढून तिथल्या तारांना हे लावा. टेस्ट टेबल आता तिसऱ्या मजल्यावर."

मी वर जाऊन बसले. गंमत वाटत होती, खोटं कशाला बोलू? खालून जिन्यातून हाक आली, "सोडली! काटा?" मी ओरडले, "हलतोय!" म्हणजे घरापासून पेटीपर्यंतच्या तारेतच दोष होता. मग ते मजल्यांवरचे सांधे सोडून बघणार, आधी दुसऱ्या मजल्यावरचा, आणि काटा कुठं गप्प होतो त्यावरून जागा कळणार. विठ्ठलरावही उत्साहानं जिन्यात उभे राहून माझे निरोप खाली पोचवत होते. घराघरांतून लोक डोकावत होते. आमचं दार सताड उघडं होतं.

हबीबभाई गुडघ्यावर हात ठेवत दुसऱ्या मजल्यावर आले, सांधा सोडला. काटा गप्प. म्हणजे वरची तार चांगली, दोष खाली. मी आनंदानं ते सांगायला वळले आणि आतल्या खोलीत पाहिलं. पलंग रिकामा होता. चपला नव्हत्या.

एवढ्या माणसांच्या अंगावरून ते जिना उतरून गेले होते, आणि वाट देणाऱ्यांनी त्यांना आदरानं वाट दिली होती. शेजारचे दोघेजण स्टँडकडे धावले. तिकडून निरोप आला की आत्ताच दोन गाड्या सुटल्या, एक अंबाजोगाईकडे, एक धर्मापुरीकडे. मी पायात चपला अडकवून जिन्यात आले. हबीबभाई समोर उभे.

"बाई, तुमी जाऊ नका."

"जाऊ नको? आणि काय करू? तुमच्या त्या काट्याची आरती ओवाळू?"

"कुठल्या गाडीमागं जाणार तुमी? त्यांना नंबर पाठ हाय. ते कुणाला तरी सांगणार, आन् तो मानूस हितं फोन लावणार. आन् हितं आत्ता तार तुटलेली हाय. मीच तोडलेली हाय. ती जोडू द्या मला. तुमी काटा बघा."

मी त्यांना नको ते बोलले. तुमच्यामुळंच दार उघडं राहिलं, असंही बोलले. ते कठड्याला धरून जिना उतरू लागले. मी परत वर गेले आणि मीटर हातात घेतला. काटा मला धड दिसत नव्हता, डोळे पुसून पुसून बघत होते.

दुसऱ्या मजल्यावरचा सांधा परत जोडून त्यांनी पहिल्या मजल्यावरचा सोडला. "काटा?" "हलतोय!" म्हणजे दोष पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायऱ्यांशी होता. हबीबभाई पायऱ्यांवर बसून भिंतीच्या कडेनं गेलेल्या तारेवरून बोटं फिरवत सरकू लागले. एका जागी थांबले. चाकूनं वरचा रंग खरवडला. खालून निघाली दवाखान्यात जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी, व्यवस्थित तीन पदरांची. पाण्यानं भिजलेली.

विठ्ठलराव पांढरेफटक पडले. त्यांच्या मुलाचं लोखंडी कपाट वर चढवताना कपाटाच्या पायानं तार सोलली गेली होती. चाळीस वर्षं ज्या हातांनी तालुक्याच्या जखमा बांधल्या, त्याच हातांनी त्यांनी तारेलाही पट्टी बांधली. वरून रंगाऱ्यानं रंग फिरवला. जिना धुतला की पट्टी पाणी प्यायची आणि दोन्ही तारा आतून एकमेकींना भिडायच्या. त्यात बोलण्यापुरता टोन येई, पण घंटी सुरू झाली की एक्सचेंजला वाटे, कुणी फोन उचलला. फळवाल्याला ऐकू आली ती शांतता हीच. तक्रारीचा माणूस आला ते दिवस कोरडे निघाले.

"म्हंजी माझ्यामुळं..." विठ्ठलराव जिन्यातच बसले.

त्या घाईतही हबीबभाई त्यांच्याकडे वळले. म्हणाले, "डाक्टरसाहेब, तुमी पट्टी बांधली म्हणून तार तुटली न्हाई. तुटली असती तर पार मुकी झाली असती. आता जरा ही टोकं धरा. तुमचा हात माझ्यावाणी कापत न्हाई." विठ्ठलरावांना उभ्या आयुष्यात कुणी डाक्टर म्हटलं नव्हतं. त्यांनी टोकं धरली, हबीबभाईंनी खराब तुकडा कापला, नवी तार जोडली, प्रत्येक सांध्यावर काळी टेप गुंडाळली. "गाठ!" काटा टोकाला पळाला. "सोडली!" काटा जागचा हलला नाही. तळाशी जाऊन त्यांनी बाहेरची तार जोडली, आणि तीन मजले चढून वर आले ते धापा टाकत. मी माझा फोन लावला. टोन आला. विठ्ठलराव मोबाइलवरून घंटी वाजवून बघणार होते. हबीबभाईंनी त्यांना हातानं थांबवलं. "लाइन मोकळी ठेवा."

आम्ही तिघं त्या फोनकडे बघत बसलो. कुणी चहाचं नाव काढलं नाही. हबीबभाईंच्या ओठांची हालचाल होत होती, ते मनात काहीतरी म्हणत असावेत. मीही म्हणत होते.

घंटी वाजली. पुरी वाजली, थांबली, परत पुरी वाजली. हबीबभाईच म्हणाले, "उचला बाई."

एका मुलीचा आवाज होता. "हॅलो, मी कंडक्टर बोलतीय, धर्मापुरीच्या स्टँडवरनं. हितं एक बाबा हायत, माझ्या गाडीतली तिकिटं मला फाडू द्या म्हणतेत. लई गोड बोलतेत. त्यांनीच नंबर दिला. तुमचेच का? घ्या, बोला."

मग भानुदासरावांचा श्वास ऐकू आला. मी म्हटलं, "हॅलो."

"कोण? शकू का?"

किती दिवसांनी! समोर उभी राहिले तर मी मावशी. जेवण वाढलं तर मावशी. आणि तारेच्या त्या टोकाशी मी शकू होते.

"हो, मीच," मी म्हटलं.

"शकू, गाडी लेट हाय गं. तू जेवून घे. माझी वाट बघू नको."

"बरं," मी म्हटलं आणि रिसीव्हर पुढं केला. तो हबीबभाईंनी घेतला, त्या मुलीला पत्ता सांगितला, शेजारच्यांना गाडी घेऊन धर्मापुरीला पाठवलं. तासाभरात भानुदासराव घरी आले. दारात मला पाहून म्हणाले, "मावशी, पाणी मिळेल का?"

हबीबभाईंनी हे सगळं पाहिलं. पुढच्या आठवड्यात ते परत तीन मजले चढून आले, पिशवीत दोन जुने काळे फोन आणि एक बॅटरी. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "दोन फोन आन् मधी बॅटरी. एक्सचेंजची गरज न्हाई. घरातल्या घरात बोलता येतं." एक फोन त्यांनी भानुदासरावांच्या खुर्चीजवळ बसवला, दुसरा स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी. बोलावण्यासाठी दोन्हीकडे दारावरची बेल लावून दिली. पैशाचं विचारलं तर त्यांना ऐकूच आलं नाही.

तेव्हापासून आमचा संसार परत सुरू झाला आहे. रोज संध्याकाळी ओट्याजवळची बेल वाजते. मी हात पुसून फोन घेते. ते कधी माजलगावहून बोलत असतात, कधी लातूरहून. मी विचारते, गर्दी होती का, जेवलात का. ते विचारतात, वैशाली शाळेतून आली का? वैशाली म्हणजे आमची मुलगी, तिचीच मुलं आता कॉलेजात आहेत. मी म्हणते, आली, अभ्यासाला बसलीय. मग ते समाधानानं फोन ठेवतात. कधी एखादा दिवस जुनं भांडणही होतं. तेही मला चालतं.

वाचकहो, हबीबभाईंना दीर्घायुष्य चिंतायचं तर सर्वांच्या वतीनं चिंतावं, असा शिष्टाचार आहे. पण मी आधी माझ्यासाठी मागून घेते. बॅटरी उतरली की भानुदासरावांचा आवाज बारीक होत जातो, आणि मग हबीबभाई जिना चढून येतात. हबीबभाई, तुमचे गुडघे शाबूत राहोत, तुमचा कान तीक्ष्ण राहो, जरीनाभाभींची साथ कायम राहो. खूप वर्षं जगा, हातीपायी धड राहून जगा. आमच्या दोघांचं बोलणं अजून संपलेलं नाही.